शाळेत पोलीस येतात, ते कशासाठी?

प्रश्न : आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मदत केंद्राचे पोलीस वरचेवर येतात. वह्या देतात, खेळाचं साहित्य देतात, कधी कायद्याची माहिती सांगतात. मागे एका मुलाने दुसऱ्याचा मोबाइल उचलला, तेव्हा गुरुजी म्हणाले, "आता पोलिसांनाच बोलावतो." अमेरिकेत तर शाळेत कायमचा पोलीस असतो म्हणे. आपल्याकडे पोलिसांचं शाळेत नेमकं काम काय? आणि माझ्या मुलाला ते वर्गातून उठवून नेऊ शकतात का?
— एक आई, एटापल्ली तालुका

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण खरी धास्ती त्याचीच आहे. मोबाइलच्या चोरीसाठी तुमच्या मुलाला वर्गातून उठवून ठाण्यात नेऊन बसवता येत नाही. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी बाल न्याय अधिनियम, 2015 आहे आणि त्याखालचे केंद्राचे नमुना नियम 2016 चे आहेत. किमान 7 वर्षं शिक्षा असलेला अतिगंभीर गुन्हा असेल, किंवा मुलाने मोठ्या माणसांच्या साथीने काही केलं असेल, तरच एफआयआर नोंदवायचा, असं हे नियम सांगतात. बाकी प्रकरणांत ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करायचा आणि दोन्ही बाल न्याय मंडळाकडे पाठवायचं. ताब्यात घेण्याचा अधिकारही अतिगंभीर गुन्ह्यापुरताच आहे. अपवाद एकच, मुलाच्या स्वतःच्या हितासाठी तसं करणं गरजेचं असेल तर.

आता तुमच्या शाळेतला तो मोबाइल घ्या. समजा गुरुजींनी खरंच फोन लावला. मग ठाण्यातून जो कोणी मोकळा असेल तो मोटारसायकलवर बसून येणं नियमात बसत नाही. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, तो सहायक उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसतो. मुलाशी बोलणं हे त्याचं काम. तो साध्या कपड्यांत आला पाहिजे, खाकीत नाही. आईवडिलांना कळवलं पाहिजे आणि बोलणं चालू असताना त्यांना जवळ बसता आलं पाहिजे. बेडी घालायची नाही, धाक दाखवायचा नाही, कबुली वदवून घ्यायची नाही. मुलाला कुठल्याही जबाबावर सही करायला सांगायची नाही. अतिगंभीर प्रकरणात ताब्यात घ्यावंच लागलं, तरी कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मंडळापुढे उभं करावं लागतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा मुलखात प्रवासाचा वेळ किती होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तर मुलाला उचलण्यापूर्वी दहादा विचार झाला पाहिजे.

गुरुजींनी पोलिसांचं नाव धाकासाठी घेतलं असेल, तर ते मला अजिबात पटत नाही. मोबाइल परत मिळवणं, दोन्ही मुलांना समोरासमोर बसवणं, पालकांना बोलावणं ही शाळेची कामं आहेत. शिस्तीचं ओझं खाकीवर टाकलं की मुलाच्या मनात दोन्ही माणसं बिघडतात, गुरुजी आणि पोलीसही.

अमेरिकेचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. 1950 च्या दशकात मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात शाळेत पोलीस नेमायला सुरुवात झाली. 1999 मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला आणि मग ही नेमणूक देशभर फोफावली. पण 2018 मध्ये पार्कलँडच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा तिथला सशस्त्र पोलीस इमारतीबाहेरच थांबला होता. वर्गातल्या भांडणांतून मुलं थेट न्यायालयात पोचू लागली, त्यात काळी मुलं अधिक, ही तक्रार तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. आपल्याकडे शाळेत असा कायमचा पोलीस नाही. तो नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे पोलीस शाळेत येतो तो पाहुणा म्हणून. केरळात 2010 मध्ये स्टुडंट पोलीस कॅडेट योजना सुरू झाली. 2018 च्या जुलैमध्ये केंद्राने ती देशपातळीवर आणली, आठवी-नववीच्या मुलांसाठी. गडचिरोलीत मात्र पोलीस शाळेपर्यंत वेगळ्याच वाटेने पोचला. जिल्हा 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि त्याच्या जंगलपट्ट्यात सरकारचा माणूस म्हणून लोकांना वर्षानुवर्षं दिसला तो बहुतेक बंदूकधारीच. 1990 मध्ये नक्षलवाद्यांशी लढणारं सी-60 पथक उभं राहिलं. पुढे पोलीस मदत केंद्रांवर जनजागरण मेळावे होऊ लागले. दुर्गम गावातल्या मुलांना पोलिसांनी महाराष्ट्र दर्शनाच्या सहलींवर नेलं. बिरसा मुंडा, वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डी-व्हॉलीबॉलचे सामने भरवले. अलीकडे ठाण्याठाण्यांत दादालोरा खिडकी, म्हणजे थोरल्या भावाची खिडकी, सुरू झाली. जातीच्या दाखल्यापासून आधार कार्डापर्यंतची कामं तिथे होतात. 'एक गाव एक वाचनालय' या उपक्रमातून गावात पुस्तकं आली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं तिथे बसू लागली. दाखल्यावाचून ज्याची शिष्यवृत्ती अडते त्या मुलाला या खिडकीची किंमत विचारा. मला या कामाचं मनापासून कौतुक आहे. जिथे तहसील कार्यालय गाठायला मजुरीचा दिवस बुडतो, तिथे हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं.

पण कौतुक करताना एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. या भागात पोलिसांशी बोलताना दिसणं ही कधीच साधी बाब नव्हती. खबरी ठरवून नक्षलवाद्यांनी या जिल्ह्यात कितीतरी गावकऱ्यांचे जीव घेतले. अशा गावातल्या शाळेत वही देता देता कुणी सहज विचारलं, "काल रात्री गावात कोण आलं होतं रे?", तर दहा वर्षांचं पोर खरं तेच सांगणार. त्या उत्तराची किंमत त्याच्या बापाला मोजावी लागू शकते. म्हणून शाळेच्या आवारात गावाची माहिती काढायची नाही, ही रेघ माझ्या मते कायमची आखलेली असावी. काळ बदलतो आहे, हे खरं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये तुमच्याच तालुक्यात वांगेतुरीला एका दिवसात पोलीस मदत केंद्र उभं राहिलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये नक्षलवाद्यांचा नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. तरी गावाच्या मनातली भीती एका तारखेला संपत नाही, आणि मुलं ती घरूनच घेऊन येतात.

शाळेच्या इमारतींबद्दलही न्यायालय बोललं आहे. सशस्त्र दलांनी शाळा, वसतिगृहं यांचा मुक्कामासाठी वापर करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या सप्टेंबरमध्ये दिला. शेजारच्या छत्तीसगडमध्ये दलांनी व्यापलेल्या शाळा रिकाम्या करण्याचा विषय समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर यांच्या खटल्यात गाजला. वर्गात जवान झोपले की नक्षलवाद्यांच्या लेखी ती शाळा उरत नाही, ठाणं होतं. मेळाव्यालाही बंदूक फाटकाबाहेर ठेवूनच यावं, ही मागणी पालकांनी जरूर करावी. सुरक्षेचं कारण असेल तर तो मेळावा मदत केंद्रावर भरवावा, वर्गात नाही.

आणि जिथे पोलीस शाळेत पोचलेच पाहिजेत, ती बाजू आता सांगतो. 2019 च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. मुली आजारी पडल्या, दवाखान्यात नेल्या, तिथे डॉक्टरांना संशय आला. पोलिसांपर्यंत त्या स्वतःहून पोचू शकल्या नव्हत्या. आश्रमशाळेत आठ-नऊ वर्षांची माडिया मुलगी घरापासून लांब राहते, मराठी तिला अजून नीट येत नाही. तिने सांगायचं कुणाला?

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यात याचं उत्तर आहे, ते अमलात यायला हवं. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा. शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा, गणवेश न घालता. तिचा भरवसा आहे असं माणूस जवळ बसू द्यायचं, गरज पडली तर दुभाषा आणायचा. आपल्याकडे गरज नेहमीच पडते, म्हणून माडिया आणि गोंडी बोलणारी बाई ठाण्याच्या यादीत आधीपासूनच असली पाहिजे. प्रकार कळूनही जो कळवत नाही त्याला 6 महिन्यांपर्यंत कैद आहे, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर 1 वर्षापर्यंत. म्हणजे 'शाळेचं नाव खराब होईल' म्हणून गप्प बसणारा मुख्याध्यापक स्वतः गुन्हेगार ठरतो. मोबाइलसाठी पोलिसांना बोलावणाऱ्या आणि अशा वेळी मात्र फोन न लावणाऱ्या शाळेचं सगळंच उलटं चाललं आहे.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समित्या यांचे आदेश दिले. कॅमेरा वीज असेल तेव्हाच चालतो, आणि तक्रारपेटीत चिठ्ठी टाकायची तर लिहिता यावं लागतं. लहान मुलींचा आधार म्हणजे सवयीचं, ओळखीचं माणूस. ठाण्यातल्या बाल कल्याण अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा साध्या कपड्यांत येऊन मुलांत बसावं, त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलावेत. शाळेतलं पोलिसांचं खरं काम मला हे वाटतं.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे, ताई. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. पुढच्या सभेत तुमच्या ठाण्याच्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर मागा, मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आणि तातडीच्या मदतीचा 112 यांच्यासोबत तो शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहून घ्या, आणि ठराव वहीत नोंदवून त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या. असा अधिकारी नेमलेलाच नाही असं उत्तर आलं, तर तेही ठरावात लिहा आणि प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा.