मोरचूद, मामा आणि मोलर मास

मित्रमैत्रिणींनो, फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला माझी जी फजिती झाली, ती तुमची होऊ नये म्हणून हा लेख. मी कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला!

कॉपर सल्फेटचं ०.१ मोलर द्रावण करायचं होतं, २५० मिली. मोलर मास म्हणजे पदार्थाच्या एका मोलचं ग्रॅममधलं वजन. रीत सोपी आहे. सूत्रातल्या प्रत्येक मूलद्रव्याचा अणुभार त्याच्या अणूंच्या संख्येने गुणायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. मी मांडलं:

तांबे ६३.५ + गंधक ३२ + ऑक्सिजन (४ × १६) ६४ = १५९.५

२५० मिलीला ०.०२५ मोल लागतात, म्हणून ३.९९ ग्रॅम घेतले. सरांनी काही न बोलता बाटलीवरचं लेबल दाखवलं: पेंटाहायड्रेट! म्हणजे या निळ्या स्फटिकांत प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे ५ रेणू असतात. ५ × १८ = ९०. खरं मोलर मास २४९.५, आणि हवे होते ६.२४ ग्रॅम. माझं द्रावण जेमतेम ०.०६४ मोलर. प्रॅक्टिकल रिपीट!

दिवाळीत कारंजा तालुक्यात मामांकडे गेले. ते संत्र्याच्या खोडांना लावायला बोर्डो मलम करत होते. निळे खडे पाहून मी ओरडले, "कॉपर सल्फेट!"

मामा हसले. "हे त आपलं मोरचूद हाय ना वं पोरी!"

१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षांसाठी मांडलेलं मोरचूद-चुन्याचं हे औषध आपल्या बागेत डिंक्यावर चालतं. गेल्या वर्षी मामांची दोन झाडं डिंक्याने गेली होती. त्यांनी विचारलं, "किलोभर मोरचुदात तांबं किती?"

जुन्या सवयीने ६३.५ भागिले १५९.५ केलं असतं, तर उत्तर ३९८ ग्रॅम आलं असतं. या वेळी पाणी विसरले नाही. ६३.५ भागिले २४९.५, म्हणजे सुमारे २५४ ग्रॅम. बाकीच्यात तर ३६० ग्रॅम नुसतं पाणी!

"म्हणजे पाण्याचेही पैसे देतो का आम्ही?" मामा म्हणाले.

खडे तापवले की हेच पाणी उडतं आणि पांढरी पूड उरते. तिच्यावर पाणी टाका, पुन्हा निळी! करून बघा, पण लॅबमध्येच.

तेव्हा दोस्तांनो, कॅल्क्युलेटर काढण्याआधी लेबल वाचा. तराजूवर जे जे चढतं, ते सगळं मोलर मासमध्ये आलंच पाहिजे.