माळ उतरवलीस म्हणे

लोणंद, आषाढ शुद्ध पंचमी

चि. बाळ यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

पालखी इथे मुक्कामाला होती तेव्हा आपल्या दिंडीचे विणेकरी घरी येऊन गेले. पाणी पिता पिता म्हणाले, दादांच्या मुलानं माळ उतरवली. नुसती उतरवली नाही, आळंदीला इंद्रायणीत फेकली असंही कोणी म्हणतं. खरं आहे का रे? तुझ्या आईला मी काही विचारलेलं नाही. तुलाच विचारते. माळ कुठे आहे?

तुझा बाप माळ तुटली तर पुन्हा ओवून गळ्यात घातल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. त्याच्या पोटचा तू. लहानपणी कीर्तनात टाळ घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा तू. निदान मला एक फोन करायचास. परक्याच्या तोंडून ऐकावं लागलं याचा मला फार राग आलाय, तो मी लपवणार नाही.

तुझाही राग कळतो मला. 2020 साली करोनामुळे माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या तेव्हा दादा ढसाढसा रडला होता. पुढच्या एप्रिलात तोच गेला. गावात कुणीही गेलं की टाळ घेऊन पुढे चालणारा माणूस, त्याच्यामागे एक टाळ वाजला नाही. तुला तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. ज्याची जन्मभर वारी केली त्यानं असं का केलं, या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. ‘देवाची इच्छा’ म्हणून समजूत घालणाऱ्यांचं तू ऐकूही नकोस.

पण भांडायचं तर त्याच्याशीच भांड. जनाबाईनं विठोबाला काय कमी शिव्या दिल्या? त्या शिव्या आपली माणसं अजून मृदंगावर गातात. आपल्यात ते चालतं, बाळा. अबोला तेवढा धरू नकोस. माळ नदीत टाकणं म्हणजे मला अबोलाच वाटतो, म्हणून सारखं विचारतेय.

मी धरला होता. तुला कुणी सांगितलं नसेल. माझी पहिली मुलगी पाळण्यातच तापानं गेली. त्यानंतर पालखी यायची आणि मी आतून कडी लावून बसायचे. दादा दिंडीतून निघून यायचा, ओट्यावर टेकायचा. देवाचं नाव काढायचा नाही. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही रे. देवाचं काय बिघडलं? भावाजवळ बसायची माझी वर्षं मात्र गेली, आणि आता तो नाही.

मग एका वर्षी दिंडीत भाकऱ्या थापायला बायका कमी पडल्या म्हणून गेले. भक्तीबिक्ती काही नव्हती मनात. पीठ मळता मळता बाकीच्यांबरोबर हरिपाठ कधी म्हणू लागले, माझं मलाच कळलं नाही. तुकोबांचंही बघ. 1630च्या दुष्काळात बायको उपासमारीनं गेली, व्यापार बुडाला, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. त्यांनी पडकं देऊळ नीट करायला घेतलं, एकादशीला कीर्तन धरलं. सुरुवातीला चित्ताला त्याची सवय नव्हती, हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगून ठेवलंय. एवढा मोठा माणूस, त्यालाही चित्ताची वाट बघावी लागली.

तू लगेच काही कर असं मी म्हणत नाही. माळ नदीत गेली असेल तर गेली. डब्यात असेल तर राहू दे तिथेच, माझ्यासाठी म्हणून गळ्यात घालू नकोस. मला फक्त खरं काय ते सांग.

विणेकरी म्हणाले, फार वाळलायस. झोप लागते का नीट? डबा वेळेवर खातोस का? तिकडे एकट्यानं खोलीवर बसून राहू नकोस. एकादशीला सुट्टी काढून ये. देवळात चल म्हणणार नाही, कुणाला म्हणू देणारही नाही. आमचा उपास असेल, तुझ्या पोटाला कशाला? या घरात एकादशीला भाकरी कधी थापली नाही, तुझ्यासाठी थापीन. बरोबर तुला आवडतं तसं घट्ट पिठलं करीन. कुठल्या गाडीनं येतोस ते कळव, काकांना स्टँडवर पाठवते.

तुझी,
आत्या