शून्य परिकल्पना आणि पर्यायी परिकल्पना

अमेरिकेत १९५२ साली सुमारे ५८ हजार लोकांना पोलिओ झाला. पुढील वर्षी, लस उपलब्ध नसतानाही, ही संख्या सुमारे ३५ हजारांवर आली. जो रोग असा आपोआप चढतो आणि उतरतो, त्यावर एखादी लस गुणकारी आहे किंवा नाही, हे कसे ठरवावे?

१९५४ मध्ये डॉ. जोनास सॉल्क यांच्या लशीची मोठी परीक्षा झाली. तिच्या एका भागात सुमारे दोन लाख मुलांना लस आणि तितक्याच मुलांना निरुपद्रवी द्रव टोचण्यात आला. कोणाला काय मिळावे हे यदृच्छया ठरविले होते. टोचणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते.

अशा परीक्षेत, आकडे हाती येण्यापूर्वीच, दोन विधाने मांडावी लागतात. ‘दोन्ही गटांत रोग होण्याची संभाव्यता समान आहे’ ही शून्य परिकल्पना होय. ‘ती समान नाही’ ही पर्यायी परिकल्पना होय. लस अपायकारकही ठरू शकते. म्हणून येथे ‘कमी आहे’ असे न म्हणता ‘समान नाही’ असे म्हणणे इष्ट. समानतेचे विधान नेहमी शून्य परिकल्पनेत ठेवतात, कारण ते निश्चित असल्यामुळे त्यावरून गणित करता येते.

ते गणित पाहू. लस घेतलेल्यांपैकी ५७ आणि इतरांपैकी १४२, असे एकूण १९९ रोगी आढळले. शून्य परिकल्पना खरी असती, तर प्रत्येक रोगी कोणत्या गटातला हे जणू नाणे उडवून ठरल्यासारखे झाले असते, आणि प्रत्येक गटात शंभराच्या आसपास रोगी अपेक्षित होते. केवळ योगायोगाने एवढी तफावत पडण्याची संभाव्यता दहा कोटींत एकाहूनही कमी आहे. म्हणून शून्य परिकल्पना त्याज्य ठरली.

परंतु शून्य परिकल्पना त्याज्य ठरली नाही, तर ती सिद्ध झाली असे मात्र समजू नये. प्रत्येक गटात दोन हजारच मुले असती, तर एखाददुसराच रोगी आढळला असता आणि तफावत दिसलीच नसती. तेवढ्यावरून लस निरुपयोगी ठरविली असती, तर एका उपयुक्त लशीला मुले मुकली असती. पुरावा न मिळणे निराळे आणि विरुद्ध पुरावा मिळणे निराळे.

अभ्यास : नव्या खतामुळे भाताच्या सरासरी उत्पन्नात फरक पडतो काय, हे पाहावयाचे आहे. दोन्ही परिकल्पना लिहा.