नर की मादी? वाळू ठरवते!

माणसात मुलगा की मुलगी, हे फलनाच्या क्षणीच ठरते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत मात्र तसे नाही. मादी वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परतते. अंडी उबवते ती वाळू! उबवणीच्या मधल्या काळात वाळूचे तापमान २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर नर-मादी दोन्ही निपजतात. कमी असेल तर नर अधिक, जास्त असेल तर माद्या. म्हणून अंडी संरक्षित जागी हलवताना खड्ड्याची खोली तेवढीच राखतात. वाळू उष्णतेची मंदवाहक, हे तुम्ही शिकलाच आहात. उथळ खड्डा दुपारी तापतो. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफच्या उष्ण उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर अल्पवयीन कासवांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माद्याच निघाल्या.