साठवलेल्या हळदीच्या विक्रीचे उत्पन्न आणि आयकर

सांगली, हिंगोली, नांदेड भागात हळदीची काढणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात होते. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद गोदामात येते, त्याच सुमारास म्हणजे ३१ मार्चला आयकराचे वर्ष संपते. घरच्या हळदीबरोबर शेजाऱ्यांची हळद विकत घेऊन भाव वाढेपर्यंत ठेवणारे शेतकरीही बरेच आहेत. एका मेळाव्यात अशाच एका बागायतदारांनी विचारले, "हळद शेतातच पिकते, मग तिच्यावर कर कसला?" याचे उत्तर हळद कोणी पिकवली यावर अवलंबून आहे.

घरची हळद

स्वतःच्या किंवा कसायला घेतलेल्या जमिनीत पिकवलेल्या हळदीचे उत्पन्न हे शेतीचे उत्पन्न असून त्यावर आयकर नाही. शिजवणे, वाळवणे व पॉलिश करणे या क्रिया माल विक्रीयोग्य करण्यासाठी शेतकरी नेहमीच करतात, त्यामुळे सवलत कायम राहते. माल सहा महिने साठवून चढ्या भावाने विकला, तरीही तो व्यापार ठरत नाही.

विकत घेतलेली हळद

शेजाऱ्याकडून घेतलेली हळद हा मात्र व्यापारी माल होय. तिच्या विक्रीचा नफा हे धंद्याचे उत्पन्न असून ते करपात्र आहे.

येथे नेहमी होणारी चूक म्हणजे वर्षाची सर्व खरेदी खर्चात धरणे आणि शिल्लक साठा विसरणे. समजा (भाव केवळ उदाहरणादाखल आहेत):

खरेदी ४० क्विंटल, दर १०,००० रु. = ४,००,००० रु.
गोदामापर्यंत वाहतूक व हमाली = १०,००० रु.
एकूण किंमत = ४,१०,००० रु. (क्विंटलला १०,२५० रु.)
३१ मार्चपर्यंत विक्री २५ क्विंटल, दर ११,५०० रु. = २,८७,५०० रु.
शिल्लक १५ क्विंटल, दर १०,२५० रु. = १,५३,७५० रु.

साठा धरला नाही तर १,२२,५०० रु. तोटा दिसतो. विक्रीत शिल्लक साठा मिळवून खरेदी वजा केल्यास खरा नफा ३१,२५० रु. निघतो. हाच १,५३,७५० रु. चा साठा पुढील वर्षी आरंभीचा साठा म्हणून खर्चाच्या बाजूस येतो. त्यामुळे कर दोनदा लागत नाही.

साठ्याचे मूल्य खरेदी किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी जे कमी असेल ते धरावे. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये चैनरूप संपतराम खटल्यात हे तत्त्व मान्य केले आहे. वरील उदाहरणात भाव ९,००० रु. वर आल्यास साठा १,३५,००० रु. व नफा १२,५०० रु. होईल. भाव १३,००० रु. झाला तरी साठा १०,२५० रु. दरानेच धरावा, न विकलेल्या मालाचा नफा दाखवावा लागत नाही.

घरच्या हळदीची पावडर

पावडर करून विकल्यास दळण व पॅकिंगनंतरचा नफा धंद्याचा ठरतो. मात्र वापरलेल्या घरच्या हळदीची बाजारभावाने होणारी किंमत त्यातून वजा मिळते. उदाहरणार्थ, विक्री ८५,००० रु., हळदीचा बाजारभाव ५०,००० रु. व दळण-पॅकिंग १५,००० रु. असल्यास करपात्र नफा २०,००० रु. होतो. लागवडीचा खर्च मात्र पुन्हा वजा करता येत नाही.

नोंदी ठेवताना घ्यावयाची काळजी

१) घरच्या व खरेदीच्या पोत्यांच्या थप्प्या वेगळ्या लावाव्यात व दोन वह्या कराव्यात.
२) आडतीची पट्टी आपल्या एकाच नावाने येते. म्हणून कोणत्या थप्पीतील किती पोती गेली, ते पट्टीवरच लिहावे.
३) सातबाऱ्यावर हळदीची पीक पाहणी नोंदवलेली असावी. घरच्या मालाचा हा महत्त्वाचा पुरावा होय.
४) शेजाऱ्याला रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी व खरेदीची पावती घ्यावी.
५) ३१ मार्चला पोती मोजून वजन, दर व तारीख लिहून ठेवावी.
६) धंद्याचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त व शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रु. पेक्षा जास्त असल्यास, कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न विचारात घेतले जाते. म्हणून ते विवरणपत्रात अवश्य दाखवावे.

नोंदी एकत्र असतील तर घरची हळद कोणती हे सिद्ध करणे कठीण जाते आणि हक्काची करमाफी वादात सापडते. तेव्हा हळद गोदामात लावतानाच थप्प्या वेगळ्या कराव्यात. विवरणपत्र भरण्यापूर्वी आपल्या कर सल्लागारांना दोन्ही वह्या दाखवाव्यात.