कोणती कोंबडी अधिक पौष्टिक? दुकानदार बांधवांसाठी थोडा अभ्यास

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या गावांत आपले अनेक बांधव कोंबडीच्या धंद्यात आहेत. गिऱ्हाईक हल्ली हमखास विचारते, "भाई, ब्रॉयलर घेऊ की गावरान? कडकनाथमध्ये खरंच ताकद जास्त असते का?" या प्रश्नाला आपण काय उत्तर द्यावे, ते आज पाहू.

प्रथम जाती समजून घेऊ. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत सुमारे दोन किलो भरते. गावरान कोंबडीला विक्रीयोग्य होण्यास पाच-सहा महिने लागतात. वनराजा ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी तयार केलेली जात. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातील झाबुआ भागातला. त्याच्या काळ्या मांसाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

कडकनाथच्या जाहिरातीत 25 टक्के प्रथिने व जेमतेम एक टक्का चरबी असे आकडे असतात. शेजारी इतर कोंबडीचे आकडे दिलेले असतात: प्रथिने 18 ते 20 टक्के, चरबी 13 ते 25 टक्के. येथेच मेख आहे. ब्रॉयलरची चरबी मुख्यतः कातडीत आणि कातडीखाली असते. कातडीसह मांसात चरबी सुमारे 15 टक्के भरते. पण कातडी काढून फक्त छातीचे मांस घेतले, तर त्याच ब्रॉयलरमध्ये प्रथिने 22 टक्क्यांच्या आसपास आणि चरबी एक ते तीन टक्के निघते. म्हणजे एकीकडे कातडी काढलेले मांस आणि दुसरीकडे कातडीसकट मांस, अशी ही तुलना होते. एका पारड्यात सोललेला आणि दुसऱ्यात न सोललेला माल ठेवून भाव ठरवण्यासारखेच हे झाले.

मग फरक मुळीच नाही का? आहे. कडकनाथच्या मांसात चरबी कमी असते. कार्नोसिन नावाचे द्रव्यही त्याच्या छातीच्या मांसात ब्रॉयलरपेक्षा जास्त आढळले आहे. जास्त वयाच्या, फिरून चरणाऱ्या पक्ष्याचे मांस घट्ट व चवदार असते. मात्र काळा रंग लोहाचा नाही. तो मेलॅनिन या रंगद्रव्याचा आहे.

आता हिशेब करू. समजा, ब्रॉयलरचे मांस 220 रुपये किलो आणि प्रथिने 18 टक्के. शंभर ग्रॅम प्रथिने सुमारे 122 रुपयांना पडली. समजा, कडकनाथ 800 रुपये किलो आणि जाहिरातीप्रमाणे प्रथिने 25 टक्के. तीच शंभर ग्रॅम 320 रुपयांना पडली. मजुरी करणाऱ्या माणसाने घरच्या आजाऱ्यासाठी उसने पैसे काढून 'औषध' म्हणून कडकनाथ नेला, तर त्याचे नुकसान आपल्या शब्दामुळे झाले, हे विसरता येणार नाही.

अशा अतिशयोक्तीची झळ पाळणाऱ्यांनाही बसते. 2019 साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या योजनेत पैसे बुडाल्याच्या तक्रारी घेऊन असंख्य शेतकरी पोलिसांकडे गेले होते.

म्हणून आमची सूचना अशी:

1. जातीचे नाव खरे सांगा. संकरित पक्षी कडकनाथ म्हणून विकू नका. अस्सल कडकनाथची कातडी, जीभ व हाडेही काळसर असतात.

2. चवीसाठी गावरान किंवा कडकनाथ, रोजच्या पोषणासाठी कातडी काढलेली ब्रॉयलर, असे सरळ सांगा.

3. रोग बरा होतो असा फलक लावू नका. अन्न सुरक्षा कायदा 2006 प्रमाणे फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे.

4. पालन सुरू करायचे असेल तर आधी सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आतला ओला माल उघड केला होता, हे आपण सर्व जाणतो. वरचा कोरडा आकडा दाखवून आतली ओली बाब झाकणे हाही तोच प्रकार आहे. खरे सांगितल्याने एखादा सौदा हातचा जाईल, पण गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दुकानी येईल.