विजेची गाडी घेण्याआधी चार्जिंगचा हिशेब

मंडळाच्या पॉटलकला हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : विजेची गाडी घ्यावी का? आपण किंमत पाहतो, रेंज पाहतो. पण गाडी रोज चार्ज कुठे करणार, हे विचारायचे राहून जाते. इंडियानातील आपल्या कोलंबससारख्या पन्नास हजार वस्तीच्या गावात सारा फायदा-तोटा त्या उत्तरावर ठरतो.

चार्जिंगचे तीन प्रकार आहेत :

१) लेव्हल १ : घरातला साधा १२० व्होल्टचा प्लग. तासाला ३ ते ५ मैल. रात्रभरात ४० मैल मिळाले तरी गावातल्या गावात पुरतात.

२) लेव्हल २ : २०८ ते २४० व्होल्ट. तासाला साधारण २० ते २५ मैल. सार्वजनिक पार्किंग, हॉटेले, दुकाने येथे बहुधा हाच असतो. गाडी तीन-चार तास उभी राहणार असेल तरच उपयोगी.

३) डीसी फास्ट : ५० ते ३५० किलोवॉट. बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर साधारण २० ते ४५ मिनिटांत जाते. पुढे वेग मंदावतो. हा मुख्यतः लांबच्या प्रवासासाठी.

आता पैशांकडे वळू. महिन्याला १००० मैल धरले तर सुमारे ३०० युनिट वीज लागते. (किलोवॉट-अवर म्हणजेच आपल्याकडचे एक युनिट.) घरी युनिटला १५ सेंट धरल्यास खर्च ४५ डॉलर. फास्ट चार्जरवर ५० सेंट धरल्यास १५० डॉलर. गॅलनला ३० मैल देणारी पेट्रोलची गाडी ३.३० डॉलरच्या भावाने ११० डॉलर घेईल, आणि ५० मैल देणारी हायब्रिड ६६. म्हणजे अपार्टमेंटमध्ये राहून केवळ फास्ट चार्जरवर विसंबणाऱ्याला विजेची गाडी महागच पडेल! शिवाय इंडियानात २०१८ पासून या गाड्यांना नोंदणीच्या वेळी दरवर्षी जादा फी आहे, आणि ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाडीला ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत मिळत नाही.

घेण्यापूर्वी एवढे करावे :

• घरमालकाला आणि ऑफिसला चार्जिंगच्या सोयीबद्दल विचारावे.

• प्लग जुळतो का पाहावे. जुनी निसान लीफ स्वस्त मिळते, पण तिला फास्ट चार्जिंगसाठी चाडेमो प्लग लागतो आणि तो दुर्मिळ होत चालला आहे.

• दर युनिटवर आहे की मिनिटावर, आणि चार्ज झाल्यावरही गाडी तिथेच ठेवल्यास दंड आहे का, हे वाचावे.

• शिकागोचा ओहेअर विमानतळ येथून सुमारे २४० मैल. कडक थंडीत रेंज पाव ते एक तृतीयांश घटू शकते. लाफाएटच्या आसपास थांबा धरावा, आणि दुसरा पर्यायही हाताशी ठेवावा. गेल्या हिवाळ्यात आई-बाबांना आणताना ॲपमध्ये चालू दिसणारा चार्जर बंद निघाला. इतका प्रवास करून आलेल्या त्या दोघांना पुढच्या चार्जरपर्यंत हीटर कमी करून, कोट घालून बसावे लागले.

ज्यांच्या घरी प्लग आहे त्यांनी विजेच्या गाडीचा जरूर विचार करावा. ज्यांच्याकडे नाही त्यांना तूर्त हायब्रिड बरी. कोणाला आपला हिशेब मांडून पाहायचा असल्यास पुढच्या कार्यक्रमाला विजेचे बिल घेऊन या. चहा घेता घेता बसून करू.